वळताना पुढून कट-कट-कट : दोन्ही एक्सल बदलायलाच हवेत का?

ऊस_आणि_ऊन | 4 जुलै, रात्री 10:42

मंडळी, सल्ला हवाय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, 2014 ची, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. राहायला पुण्यात, पण महिन्यातून दोनदा कराडजवळ गावी चक्कर असते. मे महिन्यापासून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की पुढच्या चाकाकडून कट-कट-कट असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर काही नाही. सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर तर तो भिंतींमुळे इतका घुमतो की आमचे वॉचमनकाका खुर्चीतून न बघताच गेट उघडायला उठतात.

काल गॅरेजला दाखवली. मेस्त्रींनी गाडी लिफ्टवर न घेता नुसती कंपाउंडात एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दोन्ही एक्सल गेले, असेंब्ली टाकावी लागेल." मजुरी धरून साडेसोळा हजार.

खरंच दोन्ही एकदम जातात का? ड्राइव्ह शाफ्ट दुरुस्त होतो की सरळ बदलतातच? आणि बेंदराला गावी जायचंय, तोवर चालवली तर चालेल का?

खट्याळ_खेकडा | 4 जुलै, रात्री 10:51

आधी व्हील कॅप काढून बघा. आमच्या मेव्हण्यांनी दोन हजार घालवल्यावर आतून चिंचोका निघाला होता.

ठाणे_स्लो | 4 जुलै, रात्री 11:05

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा सांधा. डोळे मिटून सांगतो. डावीकडे वळताना वाजला तर उजवा गेला, उजवीकडे वळताना वाजला तर डावा. तेवढा एक बदला, दोन्ही कशाला?

शंकासूर | 4 जुलै, रात्री 11:30

काहीही करू नका. माझी आधीची गाडी दीड वर्ष कटकट करत होती, तशीच विकली. घेणाऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गॅरेजवाल्यांना गिऱ्हाईक घाबरलेलं आवडतं.

लेथवाला_अण्णा | 5 जुलै, सकाळी 6:15

भोसरीत बत्तीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे गाडीपेक्षा लोखंडाचं सांगतो.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून दोन दांडे निघतात, एक डाव्या चाकाकडे, एक उजव्या. यांनाच ड्राइव्ह शाफ्ट किंवा गॅरेजच्या भाषेत एक्सल म्हणतात. प्रत्येक दांड्याला दोन सांधे : चाकाजवळचा बाहेरचा आणि गिअरबॉक्सजवळचा आतला. म्हणजे सांधे चार आणि त्यांच्यावरचे रबरी बूटही चार. 'एक्सल गेला' म्हणणं म्हणजे 'पाय गेला' म्हणण्यासारखं झालं. घोटा की गुडघा, डावा की उजवा, ते आधी बघायला नको?

बाहेरच्या सांध्यात वाटीसारखं कवच असतं, त्यात सहा खोबणी, सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना जागेवर धरणारा पिंजरा. गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या खोबणीच्या मधल्या जागी जेमतेम हलतात. लाखभर किलोमीटर तिथंच दाब खाऊन त्या जागी खळगा पडतो. खळगा केवढा, तर नख फिरवलं की अडकेल एवढाच. तुम्ही स्टिअरिंग पूर्ण वळवलंत की चाकाच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक गोळी खोबणीत लांबवर पुढे-मागे धावते. खळग्याचा काठ ओलांडताना 'कट'. म्हणून सरळ रस्त्यावर शांत आणि वळणावर बोंब.

तीन गोष्टी बघून सांगा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला, मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. आवाज कधी येतो? वेग वाढवला की कटकट दाट होते का? आणि चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूला टॉर्च मारा, रिमवर किंवा आसपास काळं ग्रीस उडालंय का?

ठाणे_स्लोंचा नियम बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. पण आतलं चाक जास्त कोनात वळतं, त्यामुळे कधी कधी तेच वाजतं. नुसत्या कानावर पार्ट विकत घेऊ नका.

नागपुरी_संत्रा | 5 जुलै, सकाळी 9:20

अण्णा, घोटा-गुडघा एकदम झकास!

माझा अनुभव गुडघ्याचा, म्हणजे आतल्या सांध्याचा. समृद्धीवर चढाला ॲक्सिलरेटर दाबला की 80 ते 100 च्या मधात अख्खी गाडी थरथरायची. व्हील बॅलन्सिंग तीनदा केलं. अलाइनमेंट केलं. पुढचे दोन टायर नवे टाकले. थरथर तिथंच. बायको म्हणे, गाडीला हिव भरलंय.

शेवटी वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी एकच विचारलं, "पाय सोडला की थरथर जाते काय?" जात होती! बॅलन्सिंगची थरथर पाय सोडल्यावर अशी झटकन जात नाही म्हणे, ती वेगाबरोबर राहते. जोर लावला तरच येते अन् सोडला की जाते, म्हणजे आतला सांधा. खोलला तर तीन पाकळ्यांचा रोलर निघाला, अन् तो ज्या डब्यात सरकतो त्याच्या भिंतीला नाल्या पडलेल्या. टायरचे पैसे मात्र गेले ना बाप्पा.

घाटातली_पणती | 5 जुलै, सकाळी 11:48

शंकासूर, तुमच्या 'काहीही करू नका'वर माझा अनुभव ऐका.

मी चिपळूणची. तीन पावसाळ्यांपूर्वी कुंभार्ली घाट चढत होते, कटकट तेव्हा चार-पाच महिने जुनी होती. मीही 'बघू दिवाळीनंतर' म्हणत होते. एका वळणावर पुढून 'खाड्' झालं आणि गाडी थांबली. इंजिन चालू, पहिला गिअर पडलेला, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. उलट मागे सरकायला लागली! पावसात धुकं, मागे ट्रकचे दिवे. हँडब्रेक ओढला म्हणून थांबले. मुलाने उतरून मागच्या चाकांना दगड लावले.

नंतर कळलं ते असं : एका बाजूचा सांधा तुटला की डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणारा भाग) सगळी फिरकी त्या रिकाम्या बाजूला देऊन टाकतो, चांगल्या बाजूला काही मिळत नाही. आणि त्याच कारणाने गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी ती धरत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो म्हणून वाचले. आमच्याकडे उतारावर गाडी 'गिअरमध्ये टाकून' लावायची सवय असते, म्हणून मुद्दाम लिहितेय.

त्या दिवशीची टोइंग धरली तर दोन नवे एक्सल आले असते.

शंकासूर | 5 जुलै, दुपारी 12:10

माझी नाही तुटली एवढंच मी म्हटलं. :)

खट्याळ_खेकडा | 5 जुलै, दुपारी 12:14

घेणाऱ्याची तुटली असेल. तो इथेच सदस्य असेल तर त्याने हात वर करावा.

मालवाहू | 5 जुलै, दुपारी 2:35

तुमचं सगळं पुढच्या चाकांचं चाललंय. आमच्या टेम्पोला मागची चाकं ढकलतात. तिथं गाडीखालून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकांना क्रॉस असतात. अधिक चिन्हासारखा तुकडा, चार टोकांना चार टोप्या, टोपीत बारीक सुया. क्रॉस सुकला की आधी हळू वेगात चूं-चूं करतो. मी आठवडाभर समजत होतो टपाखाली चिमणी बसलीय. मग गिअर टाकून क्लच सोडला की टण्ण. तिथंच बदलला तर काही शेकड्यांत काम होतं. नाही बदलला तर शाफ्ट रस्त्यावर.

एक चूक सांगतो, दुसऱ्याने करू नये. क्रॉस बदलताना आमच्या फिटरने शाफ्टचे दोन तुकडे स्प्लाइनमधून (एकमेकांत अडकणारे उभे दाते) ओढून काढले आणि खूण न करता परत घातले. त्यानंतर साठच्या वेगाला शाफ्ट असा हादरायचा की डिझेलच्या टाकीचं झाकण वाजायचं. महिन्याभरात सेंटर बेअरिंग गेलं. खोलण्याआधी खडूची एक रेघ मारली असती तर वाचलं असतं.

लेथवाला_अण्णा | 5 जुलै, संध्याकाळी 7:02

मालवाहू, त्यामागचं गणित गमतीचं आहे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेरीत दोनदा वेग घेतो, दोनदा मागे पडतो. कोन 30 अंशांचा असेल तर वेग जास्तीत जास्त 15 टक्के वाढतो आणि 13 टक्क्यांपर्यंत घटतो. दोन क्रॉस एकाच रेषेत बसवले आणि दोघांचे कोन सारखे असले की दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पुसून टाकतो. तुमच्या फिटरने रेषा चुकवली, त्यामुळे एक चूक दुसरीत मिसळून वाढली.

पुढच्या चाकाला तर 30 अंशांच्याही वर वळायचं असतं. तिथं क्रॉस लावला तर वळताना स्टिअरिंग हातात थाडथाड उडेल. म्हणून गोळ्यांचा सांधा आला. फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड शेप्पा यांनी 1920 च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. आजही गाड्यांत बाहेरच्या बाजूला मुख्यतः त्याच जातीचा सांधा बसतो. आपल्याकडे ॲम्बॅसडर, पद्मिनी मागच्या चाकांच्या. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, ती पुढच्या चाकांची. 'एक्सलचा बूट' हा शब्द गल्लीतल्या गॅरेजांत शिरला तो त्यानंतर.

खट्याळ_खेकडा | 5 जुलै, संध्याकाळी 7:09

शेप्पा वाचून शेपूची भाजी आठवली. दोन्ही वेळेला घरात कुणीतरी कटकट करतंच.

घाटातली_पणती | 5 जुलै, संध्याकाळी 7:30

शेपूला नावं ठेवायची नाहीत. मुगाची डाळ घालून करून बघा, मग बोला.

ठाणे_स्लो | 5 जुलै, संध्याकाळी 7:41

लसूण जास्त. डाळ भिजवलेली, शिजवलेली नाही.

ऊस_आणि_ऊन | 6 जुलै, दुपारी 4:18

शेपूवरून परत गाडीवर येऊ का? :)

आज सकाळी मैदानात फिरवली. डावीकडे पूर्ण वळवून पुढे घेतली तर आवाज स्पष्ट. उजवीकडे वळवली तर जवळजवळ नाही. रिव्हर्समध्ये डावीकडे हलका. वेग वाढवला की दाट होतो.

टॉर्च मारली तर उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि ब्रेकच्या होजवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे. बूट घडीवर आडवा फाटलेला, बोट जाईल एवढा. आत बोट घातलं तर ग्रीस नव्हतंच, ओली लाल माती आणि वाळवीच्या वारुळासारखा चिखल. आणि एक उसाच्या पाचटाचा तुकडा! तेव्हा उलगडलं. एप्रिलमध्ये तोडणी झालेल्या फडातून गाडी घातली होती, पाणंदीत ट्रॅक्टर अडकला होता म्हणून. खोडव्याची धसकटं खालून खटाखट लागलेली आठवतात. चाललं म्हणून पुढे गेलो.

डाव्या बाजूचा बूट घड्यांच्या तळाशी तडकलाय, पण ग्रीस आत आहे.

लेथवाला_अण्णा | 6 जुलै, संध्याकाळी 5:55

मग निदान झालं. उजवीकडचा बाहेरचा सांधा गेलाय, डावीकडचा बूट जायच्या बेतात आहे. साडेसोळा हजारांचं काम नाही हे.

खात्रीसाठी एक करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी पुढून उचला आणि खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही, जॅक बसला तर हात परत मिळत नाही. गिअर न्यूट्रल. चाक कुणालातरी घट्ट धरायला सांगा आणि मधला दांडा हाताने उलटसुलट पिळा. बाहेरच्या सांध्यात टकटक जाणवते का, आतल्यात जाणवते का, आणि डाव्या-उजव्यात फरक किती, ते बघा. आतला सांधा आत-बाहेर सरकेल. तो सरकण्यासाठीच केलेला असतो, बिघाड समजू नका. मेस्त्री ते हलवून 'हे बघा किती लूज' म्हणतात.

म्युनिकपासून_लांब | 6 जुलै, रात्री 9:12

मी स्टुटगार्टला. इथे गाडीची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते, तपासनीस खाली जाऊन टॉर्चने बूट बघतो. फाटलेला दिसला की शेरा पडतो, सांधा वाजत असो वा नसो. सुरुवातीला वाटलं काय कीस काढतायत. आता वाटतं, बरोबर आहे. रबर फाटलंय तोवर काम स्वस्त असतं.

मजुरी मात्र इथे रडवते, पार्टच्या दुप्पट लागते. म्हणून मी भाड्याच्या वर्कशॉपमध्ये तासावर लिफ्ट घेऊन स्वतः बूट बदलला. पाच तास लागले, त्यातले दोन चाकाच्या मधला मोठा नट सोडवण्यात. तो नट गाडी जमिनीवर असताना आणि ब्रेक दाबून धरलेला असतानाच ढिला करायचा, हे मला गाडी लिफ्टवर चढवल्यावर आठवलं.

ठाणे_स्लो | 6 जुलै, रात्री 9:40

जुना एक्सल कुर्ल्याहून आणला तर? नव्याच्या निम्म्यात मिळतो.

मालवाहू | 6 जुलै, रात्री 10:03

मिळतो, पण त्याचे किती किलोमीटर झालेत ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी मोजून घ्या : लांबी, दोन्ही टोकांचे स्प्लाइनचे दात आणि गाडीला एबीएस असेल तर बाहेरच्या सांध्यावरची दात्यांची रिंग. माझ्या भाच्याने रिंग नसलेला आणला. एबीएसचा दिवा आजतागायत पेटलेला आहे, त्यावर त्याने काळी टेप चिकटवलीय.

शंकासूर | 6 जुलै, रात्री 10:20

एक फुकटचा उपाय माहीत आहे. डावा सांधा उजवीकडे, उजवा डावीकडे. आवाज बंद. आमच्या गावातले मेस्त्री हेच करायचे.

लेथवाला_अण्णा | 7 जुलै, सकाळी 6:08

शंकासूर पहिल्यांदा कामाचं बोलले. :) त्यात तथ्य आहे. गाडी पुढे जाताना गोळ्या खोबणीच्या एकाच बाजूवर दाबल्या जातात. सांधा दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर घातला की न झिजलेली भिंत कामाला लागते. पण दोन अटी. दोन्ही दांड्यांचे स्प्लाइन सारखे हवेत आणि पिंजरा शाबूत हवा. अख्खे दांडे अदलाबदल करता येतीलच असं नाही, बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असते. आणि चिखल जाऊन खरखरीत झालेला सांधा असेल तर ही युक्ती चार महिन्यांची पाहुणी. ऊसवाल्यांच्या सांध्यात तर अख्खं शेत गेलंय.

वाजणारा सांधा धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवला की काही दिवस आवाज दबतो. खळगा बुजत नाही. गाडी विकायच्या आधी हे काम फार होतं, एवढं बोलून थांबतो.

ऊस_आणि_ऊन | 7 जुलै, सकाळी 8:30

अण्णा, मग बूट आणि सांधा बदलताना मेस्त्रींवर लक्ष काय ठेवायचं?

घाटातली_पणती | 7 जुलै, सकाळी 11:15

हे मी सांगते, कारण माझ्या दुसऱ्या बाजूचं काम मी समोर स्टूल टाकून बसून करून घेतलं.

दांडा गिअरबॉक्समधून काढताना तो चाकाकडून ओढायचा नाही, आतला सांधा सुटून रोलर बुटातच विस्कटतात. गिअरबॉक्सजवळ सांध्याच्या बुडाशी पट्टी घालून उचकटायचा. निघाला की गिअर ऑइल गळतं, म्हणून ते आधी काढून घ्या किंवा भांडं ठेवा, आणि शेवटी भरायला लावा. आमच्या मेस्त्रींनी भरलं नव्हतं, मी विचारल्यावर 'हो हो' म्हणाले. ऑइल सील हात लागलाच आहे तर नवा टाका, शंभर-सव्वाशेचा असतो.

सांधा धुतल्यावर पूर्ण सुकू द्या. ग्रीस बूट किटमधल्या पुडीतलंच, पूर्ण पुडी. ते काळं, मॉलिब्डेनमचं असतं. टेबलावरच्या डब्यातलं पिवळं ग्रीस भरायला लागले तर हात धरा. आतल्या तीन पाकळ्यांच्या सांध्याचं ग्रीस वेगळं येतं, दोन पुड्या एकमेकींत जाऊ देऊ नका. आणि बुटाला पोलादी क्लिप. माझ्या पहिल्या वेळी प्लास्टिकच्या टायने बांधला होता, दोन महिन्यांत ग्रीस बाहेर.

चिरलेला, गुंडाळून गोंदाने चिकटवायचा बूट पण मिळतो, दांडा न काढता बसतो. मी एकदा फसले. पहिल्या पावसात शिवण उघडली.

नागपुरी_संत्रा | 7 जुलै, दुपारी 1:00

ताई, तुम्ही स्टुलावर बसल्यावर मेस्त्री घाबरला असेल. :)

घाटातली_पणती | 7 जुलै, दुपारी 1:22

दुसऱ्या दिवशी चहा पाजला त्याने.

ऊस_आणि_ऊन | 13 जुलै, रात्री 9:35

बेंदूर झाला, बैल रंगवून झाले, आता अहवाल.

गावी जाताना गाडी नेली नाही, एसटीने गेलो. पणतीताईंची गोष्ट वाचून घाटाची हिंमत झाली नाही. परत आल्यावर दुसऱ्या गॅरेजला गाडी दिली आणि स्टूल मागितलं. मिळालं.

उजवा बाहेरचा सांधा खोलून मेस्त्रींनी हातात दिला. धुतल्यावर अण्णांचं वाक्य आठवलं. सहाही खोबणींत, एकाच बाजूच्या भिंतीवर, करंगळीच्या नखाएवढे चकचकीत खळगे. नख खरंच अडकलं. दोन गोळ्यांची वरची साल उडालेली, आणि पिंजऱ्याच्या एका खिडकीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. ती पुढे वाढली असती तर कुंभार्लीऐवजी खंबाटकीत मी दगड शोधत असतो. डावा सांधा खोलला, तो निरोगी निघाला, फक्त बूट बदलला. आतले दोन्ही बरे.

खर्च : सांधा 1900, दोन बूट किट 900, ऑइल सील 120, गिअर ऑइल 680, मजुरी 1200. एकूण 4800.

पण एक अडचण राहिलीच. कटकट पूर्ण गेली, मात्र रिव्हर्स घेऊन परत पहिला टाकला की निघताना चाकाकडून एकच 'टक्' येतो. एकदाच. परत दिशा बदलली की परत एकदा. हा आतला सांधा तर नाही?

खट्याळ_खेकडा | 13 जुलै, रात्री 9:41

चिंचोका.

लेथवाला_अण्णा | 14 जुलै, सकाळी 6:20

चाकाच्या मधला मोठा नट नवा टाकला का? की जुनाच ठोकून बसवला?

ऊस_आणि_ऊन | 14 जुलै, सकाळी 8:05

जुनाच. मेस्त्रींनी छिन्नीने त्याची कड सरळ केली, पाइप लावून आवळला आणि परत कड ठोकली. मी स्टुलावर होतो, पण हे विचारायचं सुचलं नाही.

लेथवाला_अण्णा | 14 जुलै, सकाळी 8:40

मग तेच. सांध्याचं बूड आणि हबमधल्या बेअरिंगची बाजू एकमेकांवर दाबून बसलेली असतात. नट पुरेसा आवळलेला नसला की दिशा बदलल्यावर ती जागेवर किंचित घसरते, तोच 'टक्'. त्या नटाची कड दांड्याच्या खाचेत ठोकून अडकवतात, तीच कड दुसऱ्यांदा धरवत नाही, म्हणून नट दर वेळी नवा. आणि पाइपच्या अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणारा पाना) आवळायचा. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, गाडीगणिक वेगळा. हे लवकर करा, ढिल्या नटावर चाललेलं बेअरिंग लवकर जातं. त्याच कारणाने, दांडा काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलायची नाही.

म्युनिकपासून_लांब | 14 जुलै, दुपारी 1:30

माझाही नट जुनाच आहे. धन्यवाद अण्णा, आता झोप गेली.

ऊस_आणि_ऊन | 19 जुलै, रात्री 10:10

नवा नट 90 रुपये, टॉर्क रेंचने आवळला. जागा पुसून अगदी पातळ ग्रीस लावलं. टक् गेला. रिव्हर्स-पहिला-रिव्हर्स दहा वेळा करून बघितलं, शेजारच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "गाडी लावता येत नाहीय का?"

आणि परवा रात्री बेसमेंटच्या तोंडाशी येऊन थांबलो, गेट बंद. दोन मिनिटांनी हॉर्न दिला. वॉचमनकाका धावत आले, म्हणाले, "साहेब, तुम्ही आहात होय? मला वाटलं गाडी विकली."

शंकासूर | 19 जुलै, रात्री 10:22

म्हणजे 4890 रुपये देऊन गेटवर थांबायला लागलात. मी आधीच सांगितलं होतं.

गोदाकाठ | 20 जुलै, सकाळी 7:48

चांगला धागा, वाचनखूण साठवली. थोडं अवांतर विचारतो. माझी गाडी वळताना वाजत नाही, पण पन्नासच्या वर गेलं की पुढून विमानासारखं हूंऽऽऽ ऐकू येतं. पाय सोडला तरी चालूच राहतं. हाही एक्सलच का? मेस्त्री म्हणतात, दोन्ही बदला.

लेथवाला_अण्णा | 20 जुलै, सकाळी 8:15

मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गाडी हलकेच डावीकडे घ्या, मग उजवीकडे. हुंकार कोणत्या बाजूला वाढतो?